शाळेचा सांगावा

कोरोनाच्या दिवसांतल्या शाळांविषयी आपल्याकडे जे बोलले गेले, ते बहुतेक शिकवण्याविषयीच बोलले गेले. ऑनलाइन तास किती घ्यावेत, मुलांचे डोळे बिघडतात का, घरात मोबाइल नसलेल्या मुलाने काय करावे, चौथीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक का वाचता येईना. हे प्रश्न खरेच होते आणि त्यांचा निकाल अजूनही पुरता लागलेला नाही. पण त्या काळात खेड्यापाड्यांतल्या आईबापांनी शाळेला सर्वांत जास्त वेळा जो प्रश्न विचारला, तो फार साधा होता. ‘गुरुजी, शाळा कवा सुरू हुनार?’ आणि त्याच्या पोटात आणखी चार प्रश्न होते. पोरगं पुढच्या वर्गात गेलं का? तांदूळ कधी मिळणार? शाळेत ठेवलेली मुंबईची माणसं बरी आहेत ना? आणि पोराला शाळेत धाडलं तर त्याला काही होणार नाही ना?

या प्रश्नांना शाळा काय उत्तर देते, कोणत्या भाषेत देते, आणि उत्तर ठाऊक नसते तेव्हा काय करते, यावर पुष्कळ काही अवलंबून होते. माझे मत तर असे बनले आहे की, प्राथमिक शाळेने त्या काळात किती शिकवले यापेक्षा घराशी बोलणे किती राखले, यावरच मुले नीट परत आली की नाही हे ठरले. हे मत मी हवेतून काढलेले नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून मी तेहेतीस वर्षे काढली, २०१६ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, आणि टाळेबंदीचा सगळा काळ गावीच होतो. रिकामपण होते, पायांत जोर होता. आजूबाजूच्या पाच-सहा शाळांचे काय चालले आहे ते जवळून पाहत होतो.

आधी हे लक्षात घ्यायला हवे, की प्राथमिक शाळेचा टपालवाला म्हणजे मूल. आमच्या काळी तर होतेच, पण अगदी २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तसेच होते. ‘उद्या येताना आईला घेऊन ये.’ ‘बाबांना सांग, पासबुकाची झेरॉक्स पाहिजे.’ ‘परवा डॉक्टर येणार आहेत, नखं कापून ये.’ शाळेचे घराशी जे काही दळणवळण असे, ते सगळे या सहा-सात वर्षांच्या टपालवाल्याच्या डोक्यातून जाई. तो ते विसरे, अर्धेच सांगे, कधी भलतेच सांगे. माझ्या शाळेत एकदा ‘बाईंनी उद्या पालक बोलावलेत’ हा निरोप घरी पोचेपर्यंत ‘बाईंनी पालक आणायला सांगितलाय’ असा झाला आणि दुसऱ्या दिवशी एक आजी पालकाच्या दोन जुड्या पदराखाली घेऊन शाळेत हजर झाल्या. आम्ही हसलो, भाजी बाईंनी घरी नेली, आणि सभाही झाली. कारण आजी आल्या होत्या ना! निरोप चुकला तरी माणूस शाळेच्या दारात येत होते आणि तिथे सगळे समजत होते.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या तेव्हा हे टपाल बंद पडले. फळा बंद पडल्याचे सगळ्यांना दिसले, टपालाचे फारसे कुणाला दिसले नाही. २० मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द होऊन मुले वरच्या वर्गात गेल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. ही बातमी दूरदर्शनवर आली, वर्तमानपत्रांत आली. पण डोंगरातल्या वाडीत ‘आमच्या पोरीला पास केली म्हणतात, खरं का?’ असे विचारत एक बाई मेमध्ये माझ्या दारात आली. टीव्हीवर मंत्र्यांनी सांगितले हे तिने ऐकले होते. पण तिच्या पोरीचे नाव घेऊन कुणी सांगितले नव्हते. शाळेने तिला सांगितले असे तिला वाटायला तिच्या पोरीचे नाव त्यात यायला हवे होते.

मग फोन आला. आता फोनविषयी शहरात जे गैरसमज आहेत, त्यांत ‘हल्ली सगळ्यांकडे असतोच’ हा पहिला. ‘असर’ या पाहणीने २०२० च्या सप्टेंबरात देशभरच्या खेड्यांतून चौकशी केली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हेच प्रमाण ३६-३७ टक्के होते. म्हणजे वाढ मोठी झालेली होती. पण त्याच पाहणीत असेही दिसले, की चौकशीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास जेमतेम एकतृतीयांश मुलांपर्यंत पोचला होता. घरात फोन असणे आणि त्या फोनवर शाळा पोचणे यांच्यामध्ये मोठी दरी होती. आमच्याकडे ती दरी कशी होती ते सांगतो. प्रवेशाच्या वेळी जो नंबर शाळेत लिहून घेतलेला असे तो वडिलांचा. वडील वाशी-तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. फोन त्यांच्या खिशात, पोर आजीजवळ. आईकडे बटणांचा मोबाइल, त्यात रिचार्ज नाही. रेंज हवी तर घराच्या मागच्या टेकावर चढायचे, तेही पाऊस नसेल तर. कितीएक नंबर तर केव्हाच बदललेले, कारण सिमकार्ड जिथे स्वस्त मिळेल तिथले. शाळेने ‘ग्रुपवर टाकले’ म्हणजे आपले काम झाले असे समजायचे आणि घराने काहीच न कळल्यामुळे शाळा झोपली असे समजायचे, असा हा प्रकार होता.

आमच्या शेजारच्या वाडीत दोन शिक्षकी शाळा आहे. त्या वेळी पटावर एकोणतीस मुले होती. तिथल्या बाईंनी काय केले ते मी मुद्दाम लिहितो, कारण त्यात हुशारी कमी आणि चिकाटी जास्त होती. टाळेबंदी जरा सैल होताच त्यांनी एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक मुलाला एक पान. त्या पानावर तीन नंबर: एक घरातला, एक शेजारचा, एक मामाचा किंवा आत्याचा. समोर लिहिलेले, की हा फोन दिवसा कुणाजवळ असतो, तो साधा की मोठा, आणि वाचता कुणाला येते. हे शेवटचे फार महत्त्वाचे. ज्या सात घरांत मोठा फोन नव्हता, त्यांच्यासाठी त्यांनी वाडीतल्याच नववी-दहावीच्या मुली गाठल्या. त्या मुलींनी बाईंचा निरोप आपल्या फोनवर ऐकायचा आणि ओसरीवर उभे राहून, अंतर राखून, त्या घराला ऐकवायचा.

निरोप लेखी नसे. दर रविवारी रात्री आठ वाजता, जेवणे झाल्यावर, बाई दोन मिनिटे बोलून तो ध्वनिमुद्रित करून पाठवीत. त्यातला एक मी ऐकला तो असा होता: ‘नमस्कार, मी शाळेतनं बोलतेय. आज रविवार, पाच जुलै. शाळा कधी उघडणार हे अजून मलाही कळलेलं नाही. कळलं की मीच सांगीन. तोवर दुसरं कुणी काही सांगितलं तर ते खरं धरू नका. तांदूळ आणि डाळ आली आहे. पहिली-दुसरीच्या मुलांच्या घरच्यांनी बुधवारी सकाळी यायचं, तिसरी-चौथीच्यांनी गुरुवारी. घरातलं एकच माणूस, तोंडाला रुमाल बांधून, पिशवी घरची. मुलांना आणू नका. कुणाच्या घरी ताप असेल तर त्यांनी येऊ नका, त्यांचं धान्य घरी पोचवू. पुढच्या रविवारी याच वेळेला बोलू.’

यात साहित्य काही नाही. पण बघा, पहिले वाक्य त्याच प्रश्नाला आहे जो सगळ्यांच्या मनात आहे, आणि त्याचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे आहे. शाळेला ठाऊक नाही हे शाळेने सांगावे, ही आपल्याकडे नवलाची गोष्ट. पण त्यामुळेच जेव्हा बाई म्हणाल्या ‘आता ठाऊक झालं’, तेव्हा लोकांनी ते मानले. काही रविवारी सांगण्यासारखे काहीच नसे. तेव्हाही आठ वाजता निरोप येई: ‘आज नवीन काही नाही. सगळे ठीक आहात ना?’ माझ्या वहिनींना, ज्यांचा नातू त्या शाळेत, हाच निरोप जास्त आवडे. ‘काही नाही म्हणून सांगत्यात तरी!’ त्या म्हणत.

याच्या उलट टोक मला पुण्यात दिसले. माझा नातू तिथे एका खाजगी इंग्रजी शाळेत आहे. शाळेचे नाव कशाला हवे? शाळा श्रीमंत, यंत्रणा तयार. दिवसाला आठ-दहा सूचना, सगळ्या इंग्रजीत, खाली सही ‘व्यवस्थापन’. ग्रुपवर फक्त शाळा बोलणार, पालकांनी वाचायचे. माझी सून संगणकात काम करते, तिला अडचण नव्हती. तीसुद्धा वैतागे ही गोष्ट वेगळी. पण त्याच वर्गात शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांतून आलेली एक मुलगी होती. तिची आई चार घरी धुणीभांडी करते. ऑनलाइन वर्गाची सकाळची की दुपारची तुकडी हवी, ते अमुक तारखेच्या आत कळवा, नाहीतर नाव लागणार नाही, अशी एक सूचना आली. त्या बाईला ती कळली नाही. तीन आठवडे ती मुलगी रोज सकाळी वेणीफणी करून शेजाऱ्याच्या फोनसमोर बसे आणि वर्ग सुरूच होत नसे. आईला वाटले, फुकटच्या मुलांना काढून टाकले असेल. तिने कुणाला विचारलेही नाही. माझ्या सुनेच्या कानावर हे योगायोगाने आले, तेव्हा एका फोनवर काम झाले. शाळेने त्या मुलीला काढले नव्हते. फक्त तिच्या आईला कळेल असे काही सांगितले नव्हते.

सरकारी शाळांची मराठी याहून सोपी होती असे मात्र कुणी समजू नये. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस सूचित करण्यात येते की’ अशी सुरुवात असलेली पत्रके पीडीएफ होऊन जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला, केंद्राकडून शाळेला आणि शाळेकडून सरळ पालकांच्या ग्रुपवर, अशी जशीच्या तशी येत. लोक म्हणतात, शिक्षकांचा आळस. मी तेहेतीस वर्षे नोकरी केली आहे, मला यात आळसापेक्षा भीती दिसते. पत्रक पुढे ढकलले तर जबाबदारी वरची. तेच आपल्या शब्दांत सांगितले आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर खुलासा द्यावा लागतो. आमच्या खात्यात खुलासा द्यायला लागू नये म्हणून माणसे काय काय करतात! आपल्या तोंडाने सोपे करून सांगण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांच्या पाठीशी वरून कुणी उभे राहील याची खात्री नव्हती.

आणि वरून तरी काय येत होते? नववी ते बारावी २०२० च्या नोव्हेंबरात सुरू, पाचवी ते आठवी २०२१ च्या जानेवारीअखेर सुरू, मग दुसऱ्या लाटेत सगळेच बंद. २०२१ च्या ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून शाळा उघडायचे जाहीर झाले आणि कृती गटाने हरकत घेतल्यावर काही दिवसांत ते थांबवले गेले. गावाकडची पहिली ते चौथी अखेर १ डिसेंबर २०२१ ला भरली. शहरांतली लहान मुलेही तेव्हाच बसणार होती, पण मुंबईने १५ आणि पुण्याने १६ डिसेंबर धरली. लगेच जानेवारीत ओमायक्रॉनपायी पुन्हा कुलूप, आणि २४ जानेवारीपासून पुन्हा उघडायला परवानगी, तीही त्या त्या जिल्ह्याने ठरवायची. साथच अशी होती, निर्णय फिरवावे लागले असतील. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. माझी तक्रार एवढीच, की हे निर्णय शिक्षकाला पालकांबरोबरच, आणि कित्येकदा पालकांनंतर, टीव्हीवरून कळत. ‘गुरुजी, उद्यापासनं शाळा हाय म्हनं?’ असा फोन आला की गुरुजी म्हणत, ‘अहो, मलाही आत्ताच कळतंय.’ त्या क्षणी शाळेची पत किती उरते? एक दिवस आधी शाळेला सांगितले असते तर कुणाचे काय बिघडले असते, हे मला अजून समजलेले नाही.

शिक्षकांवर त्या वेळी काय काय लादले होते, हेही विसरून चालणार नाही. कुणी जिल्ह्याच्या हद्दीवर तपासणी नाक्यावर उभा, कुणी रेशन दुकानात, कुणी २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक असा गेला की दुसऱ्याने एकोणतीस घरांशी बोलायचे कधी? त्या बाईंचे रविवारचे बोलणे कुठल्याही कामाच्या तक्त्यात मोजले गेले नाही. नाक्यावरची रात्रपाळी मोजली गेली.

मुंबईहून आलेल्या माणसांचा विषय वर आला आहे, तो जरा सविस्तर सांगायला हवा. २०२० च्या मेमध्ये गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी घेतल्या होत्या. आमच्या भागात परत येणारी माणसे म्हणजे परकी नव्हेत, घरातलीच. तरी गावात भय असे होते, की सख्ख्या भावाला भाऊ वेशीवरून भाकरी देई. वर्गात पथाऱ्या पडल्या, व्हरांड्यात चुली लागल्या. पुढे माणसे घरी गेली, पण ‘त्या खोलीत पोरं कशी बसवायची?’ हा प्रश्न दीड वर्ष राहिला. काही शाळांनी ‘निर्जंतुकीकरण करण्यात आले आहे’ एवढे कळवले. वाडीतल्या बाईंनी सांगितले, की शेवटचे माणूस अमुक तारखेला गेले, त्यानंतर खोली किती दिवस बंद ठेवली, ग्रामपंचायतीच्या कोणत्या दोन माणसांनी कशाने धुतली, आणि ज्यांना बघायचे असेल त्यांनी येऊन बघावे. चार-पाच जणी आल्या, बघून गेल्या. आत कुणाचा अहवाल काय आला, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. विचारणारे पुष्कळ होते.

ते न सांगणेही सांगण्याइतकेच मोलाचे, हे दुसऱ्या लाटेत कळले. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्याच खोऱ्यातल्या एका गावचा तरुण माणूस नवी मुंबईत गेला. घरच्यांनी ठरवले होते, की त्याच्या तिसरीतल्या मुलाला आजोबा संध्याकाळी जवळ घेऊन सांगतील. पण सकाळी सातलाच वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी, चांगल्या मनानेच, त्याच्या फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून टाकले. खाली हात जोडलेली चित्रे. फोन त्या वेळी मुलाच्याच हातात होता. तो स्वाध्यायाची वाट बघत होता.

म्हणून वर्गाचा ग्रुप सर्वांनी सर्व काही टाकण्याची चावडी असू नये, या मताचा मी आहे. तेवढ्यापुरते त्या पुण्याच्या शाळेचे बरोबर होते. ग्रुपवर शाळेनेच बोलावे. पण मग उलट बोलायला एक नंबर हवा, आणि तो उचलणारे माणूस हवे, मराठीत बोलणारे. यातले एक केले आणि दुसरे सोडले, तिथे चूक झाली.

हा अनुभव आपल्याला नवा होता असेही नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, असे लोक बोलू लागले. आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आत काय चालते हे विश्वासातल्या माणसाने सांगितले नाही की बाहेरचे लोक स्वतःच ते रचतात. सव्वाशे वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या फेब्रुवारीत खोट्यानाट्या माहितीचीही साथ आली असल्याचा इशारा दिला. आमच्या वाड्यांवर ती साथ फोनवरूनच आली: लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, शाळेत मुलांना नकळत टोचणार आहेत. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली तेव्हा वाडीतल्या बायका आरोग्य केंद्रात जाण्याआधी बाईंना विचारायला गेल्या. बाईंनी आपली तारीख सांगितली, दंड दुखला, एक दिवस ताप आला, हेही सांगितले. डॉक्टरांपेक्षा बाईंना जास्त कळते असे कुणी मानत नव्हते. पण बाई दर रविवारी बोलत होत्या.

त्याच वर्षी २२ जुलैच्या रात्री पाटण तालुक्यावर डोंगर कोसळला. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही नावे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. आमची वाडी वाचली, पण भेगा पडल्याने अर्धी रिकामी करावी लागली. कुणी मोठ्या गावच्या शाळेत, कुणी पाहुण्यांकडे, कुणी थेट मुंबईला. वीज नाही, रस्ता नाही, साथ चालूच. चौथ्या दिवशी बाईंनी वही काढली आणि जिथे रेंज मिळेल तिथून एकेक नंबर लावत गेल्या. घरचा बंद लागला की शेजारचा, तो बंद लागला की मामाचा. एकोणतीसपैकी सव्वीस मुले कुठे आहेत ते दोन दिवसांत लिहून झाले, उरलेली तीन आठवड्यात. डिसेंबरात शाळा भरली तेव्हा अठ्ठावीस मुले आली. एक कुटुंब घणसोलीला राहिले, त्याचा दाखला रीतसर नेला. शेजारच्या एका मोठ्या शाळेत मात्र फेब्रुवारीपर्यंत दहा-बारा मुले ‘सतत गैरहजर’ होती. ती कुठे आहेत, हे विचारायला शाळेजवळ चालू नंबरच नव्हता.

आता ते ग्रुप आहेत, पण त्यांत शुभ सकाळ असते, वाढदिवस असतात आणि वरून मागवलेले फोटो असतात. प्रवेशाच्या अर्जावर मोबाइलसाठी अजून एकच चौकट आहे. ती तीन चौकटींची करायला आणि दर सहामाहीला नंबर तपासायला पैसा लागत नाही. आठवड्यातून एकदा शिक्षकाने घरांशी बोलण्याचा अर्धा तास कामात धरायलाही लागत नाही. मी हे तालुक्याच्या एका बैठकीत बोललो, तेव्हा एक साहेब म्हणाले, ‘आता साथ कुठे आहे?’

बाईंची २०२३ मध्ये बदली झाली. चार्ज देताना खुर्च्या, टेबले, घंटा, तांदळाची कोठी, सगळ्याची यादी होते. त्या यादीत ही वही कुठे बसेना. मग त्यांनी ती यादीबाहेरच नव्या गुरुजींच्या हातात ठेवली. गुरुजी तरुण आहेत, मराठवाड्यातले. त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळे नंबर लावून पाहिले. त्यांपैकी एकवीस बंद होते. पुढच्या पंधरवड्यात संध्याकाळचे घरोघर हिंडून त्यांनी ते खोडले आणि शेजारी नवे लिहिले.